शंभराला नऊ

मोबाइलवर शंभराला एक, मिक्सरवर चार आणि तोंडाला लावायच्या क्रीमवर नऊ. हे दर माझ्या डोक्यात बसायला महिना गेला. पालममध्ये घरी बसून मी नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर वस्तूंच्या लिंका टाकते. माझ्या लिंकवरून कुणी काही मागवलं, की कंपनी मला कमिशन देते. पण बारा हजारांच्या मोबाइलवर जेमतेम एकशेवीस आणि चारशेच्या क्रीमवर छत्तीस, हा कुठला न्याय, म्हणून मी आधी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या.

उलगडा नवऱ्यानं केला. रस्ता रुंदीकरणात जाईपर्यंत आमचं किराणा दुकान होतं. तो म्हणाला, "साखर-तेलात आपल्याला काय सुटायचं? पावडर-टिकल्यांत सुटायचं. त्यांचंबी तसंच हाय." एवढी साधी गोष्ट, आणि दुकानात पंधरा वर्षं बसूनही मला ती सुचली नव्हती.

मग मी क्रीमच्या मागेच लागले. स्वतःच्या गालांना चोपडून व्हिडिओ केले. पोखर्णीला दादाकडे गेले, तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्न राहून गेलेलं, एकटाच शेती करतो. आमचं दुकान गेलं तेव्हा तो पैसे घेऊन आला होता आणि मी ते दारातूनच परत पाठवले होते. माहेरच्या पैशांवर चूल पेटवायची नाही, हा माझा हट्ट. म्हणून त्या दिवशी जरा तोऱ्यातच बोलले. कशावर किती मिळतं, काय विकलं गेलं ते दिसतं पण कुणी घेतलं ते दिसत नाही, माल परत गेला की कमिशनही कापतात, असं सगळं. त्यानं दोनदा विचारलं, "सगळ्यात जास्त कशावर म्हणलीस?"

पुढच्या महिन्यापासून क्रीम खपायला लागलं. आठवड्याला दोन, कधी तीन. मला वाटलं, आपल्या बोलण्यात जादू आहे. लेकीच्या वह्या आणि दप्तर त्या पैशांतून आले, आणि ते मी नवऱ्याला चारचारदा ऐकवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा पोखर्णीला गेले. खांदमळणीची संध्याकाळ होती. जू ओढून शिणलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-लोण्यानं मळतात. दादा गोठ्यात पाठमोरा उभा होता, पण त्याच्या हातात लोण्याची वाटी नव्हती. गुलाबी झाकणाची बरणी होती. ती मी लगेच ओळखली. बैल मजेत मान पुढे करून उभा होता आणि सगळ्या गोठ्यात गुलाबाचा वास सुटला होता.

"दादा, हे काय करायलास?"

"लोणी कमी पडलं गं," तो दचकून म्हणाला.

मी तडक घरात गेले. फडताळात तशाच बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, बहुतेक खोक्यातून काढल्यासुद्धा नव्हत्या.

"समदं तूच घेतलंस?" मी बाहेर येऊन ओरडले.

"समदं कसं? थोडंफार लोकंबी घेत असतील की."

"मग परत तरी करायचं!"

"परत केलं की तुझं कटतंय. तूच सांगितलंस."

मला भयंकर राग आला, आणि तो त्याच्यावर नाही हे लगेच कळलंही. मला छत्तीस रुपये पोचावेत म्हणून हा माणूस दर वेळी चारशे मोडत होता. बाकीचे सगळे कंपनीच्या घशात. सरळ हातात घेतले असते तर चारशेच्या चारशे माझ्या घरात आले असते. माझ्या ताठ मानेपायी त्याची कमाई अशी बैलाच्या खांद्याला लागत होती.

"रागवू नको. आता न्हाई मागवत," तो खाली बघत म्हणाला.

"मागवूच नको. काय द्यायचं ते हातात दे. मी घेते."

"खरंच घेशील?"

"घेते म्हणलं ना."

त्यानं बरणी तिथंच दावणीत ठेवली, हात पायजम्याला पुसले आणि माझं मन बदलायच्या आत म्हणून, या वयात, घराकडे अक्षरशः पळत सुटला.