भावोजी रायफल निवडतात

आमच्या भावोजींइतकी जुन्या लष्करी रायफलींची माहिती असलेला, आणि तरीही अशा रायफलीला जन्मात बोट न लावलेला दुसरा माणूस अख्ख्या ओमानात शोधून सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला मस्कतच्या माबेल्यात, नोकरी पंप आणि पाइप विकणाऱ्या एका कंपनीत, हुद्दा परचेस ऑफिसर. गेली अकरा वर्षं ते एक रायफल निवडताहेत. निवडताहेत, घेत नाहीत. मी मस्कतमध्येच, वादी कबीरला राहते आणि शाळेत शिकवते. माझे यजमान महिन्यातले बरेच दिवस आत वाळवंटात तेलाच्या कॅम्पवर असतात, त्यामुळे शुक्रवारचं माझं जेवण ताईकडे ठरलेलं. म्हणजे अकरा वर्षांतल्या बहुतेक सगळ्या शुक्रवारी मी आमटीभातासोबत बोल्ट, बॅरल आणि काडतुसं गिळलेली आहेत.

परचेसमधल्या माणसाचा एक धर्म असतो. तीन कोटेशन आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. बाकीचे लोक हा धर्म ऑफिस सुटलं की ड्रॉवरमध्ये ठेवून घरी येतात, भावोजी तो अंगावर घालून झोपतात. घरात काहीही आणायचं म्हटलं की आधी त्याचा तुलनात्मक तक्ता होतो. उभ्या रांगेत गुण, आडव्या रांगेत उमेदवार, खाली शेरा. फ्रिज बिघडला तेव्हा हा तक्ता पुरा होईपर्यंत मस्कतचा अख्खा उन्हाळा गेला आणि ताईचं दूध खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंच्या फ्रिजमध्ये राहिलं. दाढ दुखायला लागली तेव्हा तीन डेंटिस्टांची मतं घेतली. तिसऱ्याकडे जाईपर्यंत दाढ स्वतःच पडली, तर यांना वाईट कशाचं वाटलं, तर तक्ता अर्धवट राहिल्याचं. ताईला बघायला आले त्याआधी लग्नासाठी दोन मुली बघून झाल्या होत्या. "म्हणजे सगळं नियमात बसत होतं," असं ते आजही पाहुण्यांना सांगतात, आणि ताई आजही त्यावर हसत नाही.

रायफलीचं मूळ गावच्या घरात आहे. गुहागर तालुक्यात, एका उतारावर, भावोजींनी इथल्या पगारातून घर बांधलं. चार खोल्या, पुढे ओटी, मागे आंब्याची कलमं. निवृत्तीनंतर तिथेच राहायचं हे त्यांचं पक्कं होतं. आजूबाजूला पाच घरं आहेत, पाचही घरांना कुलूप, आणि पाचही किल्ल्या मुंबईत. कलमांत रानडुकरं येतात. ताई पुण्यात वाढलेली, लग्नानंतर सरळ मस्कतला आलेली. एका शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "तिथे आपण दोघंच राहायचं? रात्री दार वाजलं तर मी काय करू, तुमचा तक्ता दाखवू? आधी माझी भीती जाईल अशी काहीतरी व्यवस्था करा. मग बघू."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने कुत्रा पाळला असता, नाहीतर खिडक्यांना जाळ्या बसवल्या असत्या. भावोजींनी मात्र ती ऑफिसात यायची तशी रीतसर मागणी समजून नोंदवून घेतली. पुढच्या शुक्रवारी लॅपटॉप उघडा होता. "रायफल," ते म्हणाले. "लष्कराची जुनी, सरप्लस. सैन्याने नवी घेतली की जुनी विकायला काढतात. ग्रीसमध्ये बुडवून पन्नास पन्नास वर्षं ठेवलेली असते. धुतली की नवी." आणि मग माझ्याकडे वळून, "रविवारी नेमबाजीचा विरंगुळा, आणि प्रसंग आला तर संरक्षण. एका खर्चात दोन कामं." हे ज्ञान अमेरिकेतल्या दाढीवाल्या लोकांच्या व्हिडिओंतून आलं होतं. ते लोक दुकानात जाऊन रायफल घेतात, मागे ट्रक उभा असतो आणि बायका कॅमेऱ्यात येत नाहीत. त्यांतलं काहीही गुहागर तालुक्यात नाही, हे बोलायची सोय नव्हती.

उमेदवार चार होते. रशियन स्वस्त आणि दणकट, पण तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, अडकतो आणि धक्का असा बसतो की खांदा निखळेल. जर्मन उत्तम, पण तिचा भाव ऐकूनच माणूस गार होतो. स्विस घड्याळासारखी नेमकी, पण तिची काडतुसं मिळायची नाहीत. आणि आपली ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री, जी आपल्या पोलिसांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली. भावोजींनी यांच्यावर इतका विचार केला की ताईच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही जुनी काडतुसं वापरल्यावर नळी गरम पाण्याने का धुवावी लागते हे ठाऊक झालं. मराठी मंडळाच्या गणपतीत एका नवीन आलेल्या इंजिनिअरने सहज विचारलं, "काका, तुम्ही आर्मीत होता का?" भावोजी म्हणाले, "नाही. पण परचेसमध्ये आहे." त्या बिचाऱ्याने पुढे दीड तास ऐकून घेतलं. भावोजींची मुलगी आता कॅनडात असते. ती इथे शाळेत असतानाच कंटाळून म्हणायची, "बाबा, जस्ट बाय इट ना. यू आर सो... काय म्हणतात ते... चिकट." चिकट म्हणजे तिला चिवट म्हणायचं होतं, पण ताईने दुरुस्त केलं नाही.

रायफलीबरोबर आणीबाणीची इतर तयारीही वाढत गेली. बेडरूममधलं एक कपाट ताईने आपल्या साड्यांसह गमावलं. त्यात राजमा, ट्यूना, मका, अननस यांचे डबे, पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, दोऱ्या, शिट्टी. जो डबा आधी आला तो आधी संपवायचा, म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी. मग खरंच एक चक्रीवादळ आलं. माबेल्यात गुडघाभर पाणी, दोन दिवस वीज नाही, दुकानं बंद. भावोजींचा चेहरा इतका तृप्त कधीच दिसला नव्हता, असं ताई सांगते. त्यांनी कपाट उघडलं, टॉर्च लावला, यादी वाचली, आणि तेव्हा लक्षात आलं की डबे उघडायचं साधन घरात नाही. तीन प्रकारचे ओपनर विचाराधीन होते. शेवटी नर्सबाईंनी खालून गॅसवर शिजवलेली कांजी आणि पापड वर पाठवले, आणि आणीबाणीला सज्ज असलेलं हे एकमेव कुटुंब दोन दिवस शेजाऱ्यांकडे जेवलं. मी हे निदान चाळीस लोकांना सांगितलंय. भावोजी समोर असले तर जास्त रंगवून सांगते.

नवव्या वर्षी निवड झाली. थ्री-नॉट-थ्री. दहा गोळ्या बसतात, बोल्ट लोण्यासारखा चालतो, सुटे भाग भारतात मुबलक. भावोजींनी तक्त्याखाली सही केली, ताईची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझीही. मी श्रीखंड नेलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या दिराला, जो रत्नागिरीत वकिली करतो, मी फोनवर हे गमतीने सांगितलं. त्याने रायफलीचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, थ्री-नॉट-थ्री लष्करी बोअरची, म्हणजे लष्करी मापाच्या नळीची आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला तिचं लायसन्स मिळत नाही. ती बंदीतली आहे." नऊ वर्षांत नळीची लांबी, लाकडाची जात, गोळीचा वेग, सगळ्याला रकाना होता. परवान्याला रकाना नव्हता. ऑफिसात परवान्याचं काम दुसरं खातं बघतं, त्यामुळे परचेसच्या माणसाच्या ते डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, आता हे कोसळतील. पण भावोजी कोसळले नाहीत, उलट खुलले. "म्हणजे सुरुवातीपासून बघावं लागेल," म्हणाले, आणि इतक्या हलक्या मनाने नवा तक्ता उघडला की मला त्यांची शंकाच आली. नव्या तक्त्यात परवाना मिळू शकेल अशी तीनशेपंधरा बोअरची देशी रायफल आली, आणि गाडी पुन्हा रुळावर लागली.

या वर्षी कंपनीने पत्र दिलं. भावोजींची साठी झाली, जागी ओमानी मुलगा येणार, दोन महिन्यांत व्हिसा संपणार. आता गावी की पुण्याला, हे बोलावंच लागणार होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हती. ताई भांडी काढून ठेवत होती, भावोजी तक्ता बघत होते, आणि मी मध्ये बसून पोळी खात होते. अशा वेळी त्यांच्या ऑफिसातल्या सालिमने निरोपाचं जेवण म्हणून आम्हाला सूर शहराजवळच्या त्याच्या घरी बोलावलं. "माझ्या वडलांकडे जुनी बंदूक आहे," तो भावोजींना हिंदीत म्हणाला. "अकरा साल से सुन रहा हूँ, एक बार देख तो लो."

जेवण झाल्यावर ताई आत बायकांत बसली. मी मात्र हे बघितल्याशिवाय राहणारी नव्हते, म्हणून बाहेर आले. घरामागे कोरड्या वादीत, म्हणजे आटलेल्या नदीच्या पात्रात, शुक्रवारी दुपारी पुरुष जमतात आणि दूरच्या दगडावरच्या लिंबाएवढ्या ठिपक्यावर नेम धरतात. सालिमचे वडील ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी गलबतावरून मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी मोडकी पण ठणठणीत. त्यांनी मांडी घालून एक गोळी मारली, ठिपका उडाला, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग त्यांनी गोळ्या काढून घेतल्या. "दुसरे के हाथ से चलाने का कानून नहीं," म्हणाले, आणि रिकामी रायफल भावोजींच्या हातात दिली. थ्री-नॉट-थ्रीच होती. भावोजींना तिचं वजन ग्रॅमपर्यंत पाठ होतं. पण ती खांद्याशी नेल्यावर नळी हळूहळू खाली झुकली. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

म्हाताऱ्याने विचारलं, "तेरे को किसलिए चाहिए?"

"गाव में घर है. बीवी को डर लगता है."

"बाजू में कौन रहता है?"

"अभी कोई नहीं. सब घर बंद है."

म्हाताऱ्याने रायफल परत घेतली आणि मांडीवर आडवी ठेवली. "हमारे पहाड़ में बंदूक काहे को रखता था? मेहमान आया, फायर. शादी हुआ, फायर. कुछ तकलीफ हुआ, फायर. आवाज सुनके आदमी लोग आता था." मग भावोजींकडे नुसतंच कुतूहलाने बघत म्हणाला, "तेरा आवाज कौन सुनेगा?"

 सालिमने कॉफी ओतली, आम्ही खजूर खाल्ले आणि ऊन उतरायच्या आत निघालो.

परतताना ताई मागच्या सीटवर झोपली. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, आणि भावोजी नियमाच्या वेगापेक्षा दहाने कमी. मला राहवेना. मी म्हटलं, "भावोजी, आता खरं सांगा. तीनशेपंधरा तरी घेणार आहात का?"

"नाही गं," ते समोर बघत हळूच म्हणाले. "तुझ्या ताईला तिथे यायचंच नाहीये. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भीतीबिती काही नाही, तिला ते घर नकोय. पण रायफल ठरत नाही तोवर तिला नाही म्हणावं लागत नाही, आणि मला ते ऐकावं लागत नाही. म्हणून चाललंय."

अकरा वर्षं मी या माणसाला वेडा ठरवून लोकांना हसवत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून मी मागे वळून पाहिलं. ताईचे डोळे मिटलेले होते. पण माझी बहीण झोपली की घोरते, आणि ती घोरत नव्हती.

कुरियातचा फाटा आला. मग डोळे न उघडता ताई म्हणाली, "पावसाळ्याचे चार महिने मी तिथे काढणार नाही. पुण्याला राहीन. बाकीचे आठ महिने येईन. आणि त्या पाच घरांतल्या एका तरी घरात कोणाला राहायला येता येतंय का, ते बघा."

 भावोजींनी इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, आणि चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत बसले. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून मी समुद्राकडे तोंड केलं. आणि दोन महिन्यांनंतर शुक्रवारी मी कोणाकडे जेवायला जाणार, हे तिथे पहिल्यांदा माझ्या मनात आलं.