डोंगर सांगणारी बाई

नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळाची वर्षातून एकदा, जुलैमध्ये, कोच-ट्रिप निघायची. सकाळी डर्बीशरचे डोंगर, दुपारी एखाद्या फार्मवर आपल्या हातानं फळं तोडायची, संध्याकाळी घरी. सहा वर्षं त्या कोचमध्ये ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या सीटवर मी बसले आणि माइक माझ्या हातात होता. सातव्या वर्षी नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्या दिवसाबद्दल मी कुणापाशी धड बोलले नाही. आता वय झालंय आणि भीडभाड ठेवायचाही कंटाळा आलाय, म्हणून लिहिते.

लग्नाआधी पुण्यात चार वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होते. मग नवऱ्यामागोमाग इथे आले. तेव्हा मी त्यांना अहो-जाहो करायचे, आजही करते, पण लिहिताना नवराच म्हणणार. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. माणसाला कळू न देता झोपवायचं हा त्याचा धंदाच. माझ्या बी.एड.ला इथे कुणी हिंग लावून विचारलं नाही. मुलं वाढवली, ती युनिव्हर्सिटीत गेली, आणि घरात उरले मी आणि वॉशिंग मशीन. अशात मंडळाच्या पहिल्या ट्रिपला कुणीतरी सहज म्हणालं, तू भूगोलाची ना, मग सांग की जरा. मी माइक घेतला तो सहा वर्षं सोडला नाही.

मी मराठीतून सांगायचे. उन्हाळ्यात सगळ्यांचे आईवडील भारतातून सहा-सहा महिने राहायला यायचे, आणि इंग्लिश गाइडचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. त्यांच्यासाठी मी जूनमधले दोन शनिवार साध्या बसनं जाऊन सगळा रस्ता बघून यायचे, लायब्ररीतून पुस्तकं आणायचे. तिकडे मॅम टॉर नावाचा एक डोंगर आहे, तो सारखा ढासळत असतो. त्याच्या अंगावरून मोठा रस्ता होता. तो दुरुस्त करून करून कौन्सिल थकली आणि शेवटी सोडून दिला. त्या मोडक्या रस्त्यावरून मी एकटी चालत गेले होते. डांबराचे पदर चिरोट्यासारखे सुटलेले. हे मी कोचमध्ये सांगितलं की मागच्या सीटवरचे आजोबा लोकही उठून खिडकीशी यायचे. या देशात मला येत असलेली आणि लोकांना हवी असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

त्या वर्षी जरा वेगळं होतं. नवऱ्याच्या डिपार्टमेंटचा बॉस आणि त्याची बायको पाहुणे म्हणून येणार होते. नवऱ्याला कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या डॉक्टरची, जागा मिळायची होती आणि ती त्या माणसाच्या हातात होती. मी म्हटलं, काळजी करू नका, यंदा मी आधी मराठीत सांगेन, मग इंग्लिशमध्ये. जेवणं झाली की रोज संध्याकाळी डायनिंग टेबलापाशी उभी राहून मी प्रॅक्टिस करायचे आणि नवरा हातातलं घड्याळ काढून समोर बसायचा. "इथे दोन मिनिटं जास्त झाली. हे वाक्य आधी घे." वीसेक दिवस असं चाललं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं आणि मी अगदी हवेत होते.

मंडळाची सेक्रेटरी माझी मैत्रीण. ती नवी नवरी म्हणून नॉटिंगहॅमला आली तेव्हा तिला गाडी शिकवली ती मी. तिच्या पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन वॉर्डात गेले तीही मीच. रोज फोन व्हायचा. ट्रिपच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही अर्धा तास बोललो. ट्रिपला एकादशी आलेली, तेव्हा खिचडी किती जणांची आणि पुऱ्या किती जणांच्या, एवढंच.

सकाळी आठला मी माझी फाइल घेऊन सगळ्यांच्या आधी कोचमध्ये चढले. माझ्या सीटवर एक मुलगी बसली होती. निळा कोट, छातीवर बॅज, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. छान हसून गुड मॉर्निंग म्हणाली. मी मागे वळले तर मैत्रीण उभीच.

"अगं, गाइड पाठवलीय कोच कंपनीनं. तू यंदा आरामात बस. दरवर्षी तुझीच दगदग."

"काल फोनवर बोलली नाहीस."

"मलाही काल रात्रीच कळलं गं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो वरच्या रॅकमध्ये कूलबॉक्स बसवत होता. तो तिथे मावणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं, पण नवरा अगदी मन लावून ढकलत होता. मी फाइल पिशवीत घातली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

पलीकडच्या सीटवर मैत्रिणीचे सासू-सासरे होते. आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. नाशिकहून एक वर्षाआड यायचे. काका मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायचे. "काय मास्तरीणबाई, आज रजा?" मी म्हटलं, "सक्तीची, काका." ते हसले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मुलगी वाईट नव्हती, तिच्यावर मी राग काढणार नाही. कार्डावरचं वाचायची, मधेच हवेवरून जोक करायची, बॉस आणि त्याची बायको पुढे बसून हसायचे. मॅम टॉर आला तेव्हा ती दोन वाक्यं बोलली आणि तिसऱ्या वाक्यात टॉयलेट कुठे आहे ते सांगितलं. तो रस्ता तिच्या कार्डावर नसावा. काकांनी विचारलं, "काय म्हणाली ती?" मी बाजूला वाकून त्यांना मराठीत सांगायला लागले, तशी मैत्रीण पुढून मान वळवून म्हणाली, "श्श, नंतर सांग ना, पाहुण्यांना ऐकू येत नाही." मी परत सीटला टेकले. काकांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं बघते तर मागचे निम्मे म्हातारे झोपलेले.

दुपारी फार्मवर पोचलो. रासबेरीच्या लांबच लांब रांगा, आणि प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याचा डबा. शेतात हवं तेवढं खा, नेणार त्याचं वजन करा, असा तिथला नियम. आमची माणसं शेतात खाईनात. फुकट कसं खायचं म्हणून कुणी लाजलं, तर कुणाला न धुता खायचं नव्हतं. बॉसची बायको मात्र दोन्ही हातांनी खात होती. मी एका रांगेत काकूंबरोबर तोडत होते.

"उपासाला चालतात का गं ही?" काकूंनी विचारलं. "आपल्याकडे कुणी नावसुद्धा ऐकलेलं नाही."

"फळच आहे, काकू. चालतात."

त्यांनी एक पदराला पुसून तोंडात टाकली. "आंबट आहे. पण बरी आहे. तुझ्या वड्या मात्र काय झाल्या होत्या त्या दिवशी. आमच्या ह्यांनी चार खाल्ल्या, शुगर असून."

नारळाच्या वड्या मी पाठवल्या होत्या खऱ्या. मंडळाच्या कमिटीची मीटिंग मैत्रिणीच्या घरी होती, नवरा कमिटीवर, तेव्हा रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्याच्याबरोबर डबा दिला होता. मी म्हटलं, "ती दिवाळीच्या हॉलच्या बुकिंगची मीटिंग ना?"

"हॉल कसला? ही गाइड आणायची का नाही, त्याचीच मीटिंग. तासभर चालली. मी आपली चहा देत होते. आमचे हे एकटे मधे बोलले, की आम्हा म्हाताऱ्यांना ती पोरगी काय कळणार, ही छान सांगते. पण आमच्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांचं कोण ऐकतंय. मग सगळ्यांनी हात वर केले. तुझे मिस्टर म्हणाले, तिला मी सांगतो." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "सांगितलं ना त्यांनी?"

"हो, सांगितलं."

ती मीटिंग होऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी तो माणूस घड्याळ घेऊन समोर बसला होता. दोन मिनिटं जास्त झाली म्हणाला होता. वाक्य पुढेमागे करून घेतलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, हे दोन्ही एकदम होतं हे मला त्या शेतात पहिल्यांदा कळलं. काकूंना तिथेच सोडून मी निघाले.

मैत्रीण वजनकाट्यापाशी रांगेत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"माझ्याच वड्या खाल्ल्यात आणि माझाच गळा कापलात. केसानं. काल रात्री कळलं म्हणतेस?"

ती आधी गडबडली, मग चिडली. चोरी पकडली की ती चिडतेच, मला ठाऊक होतं. "माझ्यावर कशाला ओरडतेस? मी नुसती मिनिट्स लिहिली. सूचना कुणी मांडली ते आपल्या घरी विचार."

हे मात्र मला ऐकायचं नव्हतं. इतका वेळ माझ्या मनात होतं की सगळ्यांनी दामटलं असेल, हा बिचारा गप्प बसला असेल, मूग गिळून बसायची त्याची सवयच. तेवढं मी त्याला माफ करायला निघाले होते.

परतताना कोचमध्ये मी नवऱ्याच्या शेजारी बसले. पुढे बॉस, मागे अख्खं मंडळ, त्यामुळे सगळं हळू आवाजात.

"सूचना तुमची होती?"

"कोण म्हणालं?"

"ते राहू द्या. तुमची होती?"

"हो."

"का?"

त्यानं मांडीवरचा फळांचा डबा नीट केला. "तू इंग्लिशमधून बोलणार म्हणालीस. बॉस असणार होता. लोक हसतात गं तुझ्या इंग्लिशला. तोंडावर हसत नाहीत."

"तुम्ही हसता?"

"मी नाही हसत." मग तो म्हणाला, "मला लाज वाटते."

लाज. माणूस इतर वेळी निम्मं इंग्लिश बोलायचा, हा एवढा शब्द त्याला बरोबर मराठीत सापडला. मी विचारलं, "मग वीस दिवस माझ्यासमोर घड्याळ लावून का बसलात?"

"तू इतकी खूश होतीस. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

त्यानं मीटिंगमध्ये हात वर केला, सूचना मांडली, ते मी एक वेळ गिळलं असतं. पण माझ्या आनंदावर स्वतःची करमणूक करून घेत तो रोज समोर बसला, हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. मला वाटत होतं तो ऐकतोय. तो वेळ काढत होता. मी खिडकीच्या बाजूला तोंड केलं.

कोच मॅटलॉकच्या दरीत शिरली. तिथे नदीच्या डोक्यावर एक उंच, पांढुरका, सरळ तुटलेला कडा आहे. मुलीचं काम फार्मवर संपलं होतं, तिनं कार्डं पर्समध्ये ठेवली होती आणि ड्रायव्हरशी गप्पा मारत होती. तेवढ्यात काका मागून सीटचे दांडे धरत धरत माझ्यापाशी आले. कोच वळणं घेत होती आणि ते पडतील असं वाटत होतं.

"मास्तरीणबाई, हा कडा कुठला? आज सकाळपासून आम्हाला कशाचा काही पत्ता लागलेला नाही. एवढा तरी सांगा."

तो हाय टॉर. माझ्या फाइलमध्ये त्याचं अख्खं एक पान होतं. तो दगड कधीकाळी कोमट समुद्राचा तळ होता, त्यात शंखशिंपल्यांचा चुरा आहे, हे सगळं काकांना आवडेल म्हणूनच मी ठेवलं होतं. नवरा माझ्याकडे बघत होता, पुढून मैत्रीणही वळून बघत होती. आता मी बोलले असते तर दोघांचीही सुटका झाली असती. बघा, तिला तिचा डोंगर मिळाला, झालं गेलं मिटलं.

"मला नाही माहीत, काका," मी म्हटलं.

"अस्सं," काका म्हणाले. मग दांडे धरत परत जाऊन बसले. रुमालानं काच पुसली आणि कडा मागे जाईपर्यंत मान वळवून वळवून बघत राहिले. काकूंनी काहीतरी विचारलं, तर त्यांनी नुसते हात पालथे केले.

मला नवऱ्याला शिक्षा करायची होती, मैत्रिणीला करायची होती. झाली ती काकांना. त्या अख्ख्या कोचमध्ये माझ्या बाजूनं बोललेला तो एकच माणूस होता, आणि ते मला दुपारीच कळलं होतं.