नळाला वास येईना तेव्हा

आमच्या गावात नळाला क्लोरीनचा उग्र वास आला की लोक निर्धास्त. नाही आला की जलशुद्धीकरण केंद्रात फोन खणखणतो, "आज पाण्यात औषध टाकलं नाही का हो?" तो फोन उचलते मी. पाणी तपासणं हे माझं काम, आणि डोकंही माझं चटकन तापतं.

त्या पावसाळ्यात बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. नदीच्या गढूळ पाण्यातला कुजका पालापाचोळा आणि क्लोरीन एकत्र येऊन अपायकारक द्रव्यं तयार होत होती, तीही मर्यादेपेक्षा जास्त. नेमकी तेव्हाच लेक बाळंतपणाला धुळ्याहून आलेली. मी तिला बजावलं, "नळाचं तसंच पिऊ नको, मी झाकण न ठेवता उकळून देते, म्हणजे ती द्रव्यं वाफेबरोबर उडून जातील."

"आणि शेजारच्या वहिनी? त्यांनाही दिवस गेलेत," ती म्हणाली.

जेवण गेलंच नाही मला.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या जुन्या ऑपरेटरना, नानांना, गाठलं. पाणी आत आलं रे आलं की क्लोरीन सोडायचं, ही तिथली पूर्वापार रीत. म्हटलं, "नाना, आधी तुरटी, मग गाळ बसू द्या, पाणी गाळून झालं की शेवटी क्लोरीन. घाण गेलेली असली की थोड्या क्लोरीनवर भागेल, अपायकारक द्रव्यंही कमी होतील."

"ताई, वास नही उना ते बठ्ठं गाव मना जीववर उठी!"

"उठू द्या सगळ्या गावाला, मी आहे ना!"

म्हणाले खरी, पण धास्ती होतीच. क्लोरीन कमी पडलं आणि गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर? केंद्राच्या साहेबांनी परवानगी दिली, नानाही कुरकुरत तयार झाले. मग रोज सकाळी स्कूटीवरून पार शेवटच्या नळापर्यंत जायचं, नळीत पाणी घ्यायचं, त्यात तपासणीची गोळी टाकायची आणि गुलाबी रंगाची वाट बघायची. क्लोरीन असलं तरच रंग येतो. रोज आला. फिका का होईना, आला. तिथून सरकारी दवाखान्यात डोकावायचे, पोटाचे पेशंट वाढलेत का विचारायला. नव्हते वाढले. फोन मात्र थांबेनात. एकाला तर झापलंच, "अहो, नाक म्हणजे काय प्रयोगशाळा आहे का?"

शेवटी नवा अहवाल आला. सगळं मर्यादेच्या आत! मी खुर्चीत धप्पकन बसले. नाना म्हणाले, "चाला, सुटनूत!" आणि स्वतःच चहा सांगून आले.

घरी पोचले तर लेक पातेलं गॅसवर ठेवत होती. म्हटलं, "राहू दे. आता नळाचं चालेल." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेला नळाखाली धरला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली.

"कसं लागलं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? पाण्यासारखं."

मी हसायला लागले, आणि हसता हसता चक्क रडले. तिने दुसरा पेला भरून माझ्या हातात दिला.