मांजरासाठी गाऱ्हाणं

गावात कुणाचं लग्न ठरो, नवी रिक्षा येवो नाहीतर म्हैस चुको, देवापुढे गाऱ्हाणं घालायला भाईच लागत. त्यांनी खणखणीत आवाजात "बा देवा म्हाराजा" म्हणायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाण्यात माणसाचं घर नीट सांगावं, नाहीतर देव भलत्याच दारात जातो, हे ते सगळ्यांना बजावून सांगत. इतकं ठणकावून बोलणाऱ्या या माणसाला बायकोची, सुगंधाची हाक मात्र कधी ऐकू येत नसे.

मे महिन्यात भाईंनी परसात फणस फोडला, चीक काठीला गुंडाळला.

"ती काठी चुलीत घाला हां!" सुगंधा आतून ओरडली.

भाईंनी ती कुंपणापलीकडे भिरकावली.

दुसऱ्या दिवशी काजूच्या पातेऱ्यात, वाळक्या पानांत, काहीतरी चिरकत होतं. सुगंधाने जाऊन बघितलं तर मुठीएवढं मांजराचं पिल्लू. काठी तोंडाला चिकटलेली, दोन्ही डोळे चिकाने बंद. आईचा कुठे पत्ता नाही. तिने ते ओच्यात घालून घरी आणलं.

"ह्या खंयसून हाडलंस गो? सुक्या बांगड्यांची वाट लागतली!"

"तुमच्या चिकाच्या काठीन तेचे डोळे गेले."

भाईंनी वाकून पिल्लाचे डोळे बघितले. मग म्हणाले, "बरा होवंदे. मगे कणकवलीच्या बाजारात सोडून येतंय."

खोबरेल तेलाचा बोळा फिरवून फिरवून सुगंधाने चीक सोडवला. उजवा डोळा उघडला. डावा सुजलेलाच. गुरांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पण म्हणाले, "डोळा वाचेलच असं नाही सांगत."

भाई पाणी प्यायच्या निमित्ताने सारखे स्वयंपाकघरात.

"तुझो बांगडेचोर काय म्हणता?"

"बघा की जवळ येवन."

एका सकाळी खळ्यातून पुटपुट ऐकू आली. भाई डोक्याला टोपी घालून, पिल्लू ओंजळीत घेऊन तुळशीपुढे उभे.

"बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या घरचा लेकरू तुझ्या पायाकडे हाडलंय. माझी चूक पोटात घाल नि ह्येचो डोळो सांभाळ, रे म्हाराजा!"

साथ द्यायला कुणीच नव्हतं. दारातून सुगंधा म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

भाई दचकले. "चाय टाकलंस?" एवढंच म्हणाले.

डोळा उघडला. जरा धुरकट, पण केरसुणीमागे धावण्यापुरता पक्का. बाजाराच्या दिवशी भाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, पिल्लाकडे बघितलं.

"न्हेवा तर," सुगंधा तांदूळ पाखडत म्हणाली. "वाटेत देवळाकडे मात्र थांबा. देवाक सांगा, घरचा लेकरू म्हटलंय ता खोटा."

पिशवी परत खुंटीवर गेली. भाई उंबऱ्यात घुटमळले. पिल्लाने त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

थोड्या वेळाने पिशवी पुन्हा खाली आली.

"आता खंय?"

"बाजारात. ताजे बांगडे हाडतंय," भाई चपला शोधत म्हणाले. "ह्येका मुंडी आवडता."