वडगावची पोह्यांची गाडी

माझा नवरा अधूनमधून घेतो, याचा मला कधीच राग नव्हता. राग होता तो बाटली तांदळाच्या डब्यामागे लपवण्याचा. तांदूळ काढायला जावं आणि हातात रम यावी, हे काय चाललंय? शेवटी मीच म्हटलं, "मोहन, आपण एक बार ट्रॉली आणू. चाकांची. बाटल्या, ग्लास, सगळं उजळ माथ्याने मांडू. पण जुनी हवी, साहेबाच्या काळातली." मोहन एवढा घाबरला की त्या दिवशी त्याने घेतलीच नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी पुण्यात बँकेत नोकरीला होते आणि दारात सेकंडहँड फियाट होती. बँकेतल्या आमच्या शिपायाने सांगितलं, इंदापूरला एक भंगारवाला जुन्या सरकारी बंगल्यांचं सामान ठेवतो. झालं! शनिवारी पहाटे निघालो.

सोलापूर रस्ता तेव्हा दुपदरी. समोरून ट्रक आला की डावीकडची चाकं मातीत घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. भिगवणला मासे खाल्लेच पाहिजेत, कारण श्रावण चार दिवसांवर आला होता. तीस रुपयांत तळलेली चिलापी, झणझणीत रस्सा आणि दोन भाकऱ्या. मोहनने दोन ताटं खाल्ली आणि वर "ट्रॉली नाही मिळाली तरी चालेल," म्हणाला. डाळजच्या पुढे टायर पंक्चर झालं, तेव्हा तोच दोन ताटांसकट खाली बसून जॅक फिरवत होता. मी सावलीत उभी राहून सूचना दिल्या.

इंदापूरच्या भंगारवाल्याने एक ट्रॉली पुढे ढकलली. पितळ असं चकचकीत की तोंड बघून घ्यावं. आता ज्यांना अशी वस्तू घ्यायची आहे, त्यांनी इथे लक्ष द्या. चकाकीकडे बघायचंच नाही. सरळ उलटी करायची आणि खालून बघायची. मी उलटी केली. स्क्रूच्या डोक्यावर फुली. जुन्या सामानाच्या स्क्रूला एकच सरळ खाच असते. पर्समधून आणलेला चुंबक कठड्याला लावला तर टच्चकन चिकटला, म्हणजे लोखंडावर नुसता पितळेचा मुलामा.

"ही कधीची?" मी विचारलं.

"लई जुनी, ताई. इंग्रजाची."

"इंग्रज गेल्या वर्षी गेला का?"

माणूस भला. खो खो हसला, चहा मागवला आणि म्हणाला, "खरी पायजे तर वडगाव निंबाळकरला जावा. तात्या म्हणून हायत, कुणीबी घर दावंल. कालव्यावरच्या साहेबाच्या बंगल्यातली गाडी हाय त्यांच्याकडं. मी चारदा मागितली, देत न्हाय म्हातारा."

रात्र बारामतीत काढली. लॉज दीडशे रुपये, खोली स्वच्छ, पंखा मात्र मनात आलं तर फिरायचा. रविवारी सकाळी नीरा रस्त्याने वडगाव. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली. तात्यांचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं.

तात्या म्हणजे सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ. सकाळीच अंगण सारवलेलं, ओसरीवर सतरंज्या. आम्ही कशाला आलो ते सांगितल्यावर ते हसले. "आमची पोह्याची गाडी व्हय? बघा की."

माजघरात ती उभी होती. अहाहा! शिसवी लाकूड, हाताने घासून काळंभोर झालेलं. पितळी कठडा, चारही चाकं मूळची. वरच्या फळीला सहा गोल भोकं. दोन भोकांत पाण्याचे तांबे अगदी घट्ट बसवले होते. ती भोकं कशाची हे मला पाहताक्षणी कळलं.

तात्यांनी इतिहास सांगितला. त्यांच्या वडिलांनी बंगल्याच्या लिलावात ती घेतली. पुढे थोरल्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा ट्रे धरताना तिचा हात थरथरला आणि चहा थेट मुलाच्या बापाच्या धोतरावर. सोयरीक मोडली. पुढच्या वेळी आक्कांनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, पोहे-चहा या गाडीवर ठेवून लेकीला ढकलत आणायला लावलं. जमलं! तेव्हापासून आळीतल्या नऊ मुली याच गाडीमागून चालत आल्या आणि नऊच्या नऊ उजवल्या.

"आता आमची शेंडफळ, संगीता, तेवढी ऱ्हायली," तात्या म्हणाले. "आजच येत्यात पावणं, अकराला. तुमीबी थांबा. संगीचं जमलं की गाडी तुमची. माळकरी माणसाचा शब्द हाय."

माळकरी म्हटल्यावर माझी नजर पुन्हा त्या भोकांवर गेली. आक्कांनी ती पकडली आणि माझ्या कानाशी आल्या. "ठावं हाय मला कशाची भोकं ती. माझा सासरा तितंच चौकीदार व्हता. यांना बोलू नगा, गाडी गोमूत्रानं धुवत बसतील." तोंडाला पदर लावून मी कसंबसं हसू दाबलं.

संगीता चिंचेने कठडा घासत होती. आम्ही दोघीच उरलो तशी हळूच म्हणाली, "काकू, माझा डी.एड.ला नंबर लागलाय. बारामतीलाच. मंगळवारी शेवटची तारीख हाय." तिने ब्लाउजमधून घडी घातलेलं पत्र काढून दाखवलं. "तात्या म्हणत्यात, आज जमलं तर कशाला शिकायचं? आन् पावण्यांपुढं काढू नगं म्हणत्यात. शिकायचंय म्हणलं की मागं सरत्यात."

"मुलगा पसंत नाही का तुला?"

"बघितलाय कुठं अजून? असंल बरा. मला मास्तरीण व्हायचंय, एवढंच." डोळे भरले होते, पण हात थांबला नव्हता.

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! आज हिचं जमलं तर ट्रॉली फियाटच्या टपावर. मी लबाड, क्षणभर मनात टपावरचा दोर आवळूनही पाहिला. मग स्वतःचीच लाज वाटली.

अकराला मुलगा, त्याची आई आणि मामा आले. संगीता गाडी ढकलत आली. काय ऐट त्या चाकांची, शेणाने सारवलेल्या जमिनीवरूनही आवाज नाही! पोहे छान होते, वर खोबरं भरपूर. नाव, गाव, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मुलाची आई खूश दिसत होती. ती अचानक माझ्याकडे वळली. "तुमी शिकल्यासवरल्या. तुमी सांगा, कशी हाय पोरगी?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मोहनने माझा पाय दाबला. मी म्हटलं, "हुशार आहे. डी.एड.ला नंबर लागलाय तिचा. मंगळवारी प्रवेश घ्यायचाय."

तात्यांचा चेहरा लालबुंद. मामा बशी खाली ठेवून म्हणाला, "हे आमाला कुणी बोललं न्हाय."

तेवढ्यात इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा बोलला. "मामा, आपुनबी कुठं सांगितलंय? मी कारखान्यात अजून टेंपरवारीच हाय. परमनंट व्हायला दोन वर्सं तर लागत्यालच."

"आरं गप की!" आई ओरडली. पण आधी आक्का फसकन हसल्या, मग मामा, मग तात्याही. संगीताने मान वर करून पहिल्यांदा त्या मुलाकडे नीट पाहिलं.

मुलाची आई म्हणाली, "दोन वर्सं तुमची, दोन वर्सं आमची. फिटंफाट. मास्तरीण सून कुणाला नगं व्हय? थांबू आमी. पर पोरगी आमाला द्यायची."

"संगे, तू बोल," आक्का म्हणाल्या. संगीता म्हणाली, "शिकू देनार असतील तर चालंल."

पाहुणे गेल्यावर तात्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभे राहिले. "बाई, तुमची गाडी तुमीच घालवली की वो! आता लगीन दोन वर्सांनी, तारीख धरल्याबिगर जमलं कसं म्हणू? गाडीबी दोन वर्सांनी. आन् मला मंगळवारी बारामतीची येरझार." पण जेवल्याशिवाय काही सोडलं नाही.

परतताना नीरा, जेजुरी, सासवड असं आलो. दिवे घाटात मोहन म्हणाला, "दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर आज ट्रॉली घरात असती." मला ट्रॉली हुकल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून आनंद मोठा होता. घाट उतरेपर्यंत मी गुणगुणत होते.

दोन वर्षांनी एका दुपारी दारात टेम्पो थांबला. तात्या उतरले. मागे गोणपाटात गुंडाळलेली गाडी. शब्द पाळायला म्हातारा पुण्यापर्यंत आला होता. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली, चष्मा लावला आणि नावावर बोट ठेवलं. चि. सौ. कां. संगीता, आणि त्यापुढे ठळक अक्षरात डी.एड.

"छापणारा म्हणत व्हता, एका वळीत बसंना, डी.एड. काढू का?" तात्या म्हणाले. "मी म्हणलं, माझं नाव बारीक कर. ते ऱ्हाऊ दे."