पाचवं शील आणि बाबांची दाढ
लवंगतेलाचा वास आला की मला मुरुडचा तो दवाखाना आठवतो. बाबांचा गाल सुजून डोळा मिटत आला होता, अंगात ताप होता, तरी दात काढायची खुर्ची दिसली की ते घामाघूम होऊन बाहेर पडायचे. मोर्चात लाठीसमोर उभा राहणारा हा माणूस! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, नाकाला मास्क लावून थोडा वायू देते. जागेच राहाल, भीती तेवढी कमी होईल." "म्हंजे नशाच की! न्हाय बाय, पंचशिलातलं पाचवं शील हाय माझं, नशापाणी करायचं न्हाय." दवाखाना माणसांनी भरलेला; मला वाटलं, त्या हसतील. त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "शील कशासाठी? शुद्ध हरपू नये म्हणूनच ना? मग हात लेकीच्या हातात ठेवा. शुद्ध जातेय वाटलं तर दाबा, लगेच बंद करते." बाबांनी हात माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू? शिलाचं निमित्त हाय. भ्या वाटतंय मला." आणि मास्क स्वतःच नाकाशी धरला. दाढ निघेपर्यंत त्यांनी माझा हात एकदाही दाबला नाही. निर्भय व्हा, अशी पत्रकं मी आज लिहिते; पण भरल्या दवाखान्यात 'भ्या वाटतंय' म्हणण्याचं धाडस माझ्या एकाही ओळीत अजून आलेलं नाही.