एकही नोंद नाही

चूक माझीच. माझ्या बायकोच्या, सुमनच्या तळपायांची आग होत होती आणि मी तिला वैद्यकीय ग्रंथालयात नेऊन, शेजारी बसवून, संगणकावर लेखांची सूची धुंडाळत होतो. ‘स्त्री’, ‘मध्यमवयीन’, ‘मधुमेह नाही’... शोधाच्या एकेका चाळणीवर खूण करत गेलो, तसतशा नोंदी गळत गेल्या. शेवटी पडद्यावर उमटलं, एकही नोंद नाही.

“बघ,” मी खेकसलो, “असं दुखणं जगात कुठेच नाही. नुसते तुझ्या मनाचे खेळ!”

“त्या यंत्राला एवढं विचारलंत,” ती म्हणाली, “मला एकदा तरी?”

मला त्या रिकाम्या पडद्याचा संताप आला. पण मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं. माणसाला चाळण्यांतून गाळत गेलं, की शेवटी माणूसच उरत नाही.

मी संगणकाकडे पाठ फिरवली.

“चुकलो, सुमन. माफ कर. आता तू सांग, केव्हापासून होतंय?”